अवकाशतळाचा खर्च कोणाच्या खिशातून?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, वाळवंटात, ‘स्पेसपोर्ट अमेरिका’ हा अवकाशतळ आहे. उड्डाणे खासगी कंपन्यांची. तळ मात्र सुमारे २२ कोटी डॉलर सरकारी पैसा घालून बांधलेला. शेजारीच व्हाइट सँड्स हे क्षेपणास्त्र चाचणी क्षेत्र असल्याने तिथल्या आकाशात प्रवासी विमानांची वर्दळ नसते. जागा निवडण्याचे हे एक कारण.

डोन्या आना (२००७) आणि सिएरा (२००८) या परगण्यांतील मतदारांनी त्यासाठी विक्रीकरासारखा जादा कर मान्य केला : शंभर डॉलरच्या खरेदीमागे पंचवीस सेंट. त्यातला काही भाग स्थानिक शाळांना मिळतो, हे आपण शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावे! मुख्य भाडेकरू ‘व्हर्जिन गॅलॅक्टिक’ची व्यावसायिक उड्डाणे सुरू व्हायला मात्र २०२३ साल उजाडले. नव्या यानांच्या बांधणीसाठी जून २०२४ नंतर ती थांबवण्यात आली. कराच्या भरवशावर काढलेल्या कर्जरोख्यांचे हप्ते उड्डाणांसाठी थांबत नाहीत.