उपक्रमाचा तास

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जून महिन्यात शाळा सुरू झाली की आठ-दहा दिवसांत वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक लागतं. गणित, मराठी, विज्ञान, इंग्रजी असे तास त्यात दाटीवाटीनं बसलेले असतात. त्यात कुठेतरी, बहुधा शनिवारच्या अगदी शेवटी, एक चौकोन असतो. कुठे त्यात ‘उपक्रम’ लिहिलेलं असतं, कुठे ‘छंद’, कुठे नुसतंच ‘इतर’. दिवाळीपर्यंत हा चौकोन कसाबसा तग धरतो. दिवाळीची सुट्टी संपली की त्या जागी शिष्यवृत्तीचा जादा तास येऊन बसतो, आणि मुलांनाही त्याचं फारसं नवल वाटत नाही. मला आज या चौकोनाबद्दल बोलायचं आहे, तेही पाचवी ते आठवीच्या मुलामुलींपुरतं.

या कामांना आपण ‘अभ्यासेतर उपक्रम’ म्हणतो. यातला ‘इतर’ हा शब्द मोठा फसवा आहे. सभेच्या विषयपत्रिकेत सगळ्यांत शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ असं एक कलम असतं ना, तशी त्याची अवस्था. पण कागदावर पाहिलं तर या ‘इतर’ची आबाळ कधीच झालेली नाही. 1952-53 च्या मुदलियार आयोगानं हे उपक्रम शिक्षणाचाच भाग आहेत असं सांगून ठेवलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं म्हटलं. (त्यांच्या नेमणुका आणि त्यांचं मानधन हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे, तो आज सोडून देतो.) 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तर अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंतच नको असं सांगितलं, आणि सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायची सूचना केली. तेव्हा उणीव आहे ती वेळापत्रकातल्या त्या चौकोनाची, तो वर्षभर राखण्याची.

पाचवी ते आठवीच का? तिसरीतल्या मुलाला बाई म्हणाल्या ‘नाच’, की तो नाचतो. नववीत पाय ठेवला की दहावीची सावली पडते. मग घरात दूरदर्शन बंद, क्रिकेट बंद. मधली ही तीन-चार वर्षं तेवढी मोकळी. या वयात मुलगा मोठ्यांचं ऐकेनासा होतो, पण बरोबरीच्या मुलांचं मात्र कान टवकारून ऐकतो. आवाज फुटायला लागलेला असतो, म्हणून वर्गात उभं राहून बोलायची लाज वाटते. चार जणांच्या घोळक्यात तोच मुलगा गप्प बसत नाही. त्याला कुठल्या तरी टोळीत असायचंच असतं. ती टोळी शाळेनं दिली नाही तर तो ती बाहेर शोधतो.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. मुख्याध्यापकांना विचारलं की तुमच्याकडे काय उपक्रम चालतात, तर ते अभिमानानं ढाली दाखवतात. वक्तृत्व, निबंध, समूहगीत, चित्रकला. या सगळ्या स्पर्धा आहेत. स्पर्धेत शाळा काय करते? शंभरातून तीन मुलं निवडते आणि उरलेल्या सत्त्याण्णवांना टाळ्या वाजवायला बसवते. ती तीन मुलं बहुधा आधीच पुढे असलेली असतात. वक्तृत्व स्पर्धांचा परीक्षक म्हणून मी बरेच रविवार घालवले आहेत. सातवीतली मुलगी ‘आजच्या तरुण पिढीसमोरील आव्हानं’ या विषयावर पाच मिनिटं हातवारे करून बोलते. तिच्या तोंडातलं प्रत्येक वाक्य तिच्या वडिलांचं किंवा क्लासच्या सरांचं असतं. मध्येच एखादा शब्द अडला की ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. हरकत नाही, पाठांतरही एक कमाई आहे. पण याला उपक्रम म्हणायला माझं मन घेत नाही.

मंडळ ही वेगळी वस्तू आहे. वाङ्मय मंडळ, विज्ञान मंडळ, निसर्ग मंडळ, नाव काहीही असो. मंडळात येणाऱ्याला निवडायचं नसतं, त्याला काम द्यायचं असतं. स्पर्धेत जो गळाला, त्याच्यासाठी खरं तर मंडळ असतं.

मला सगळ्यांत जवळून माहीत आहे ते हस्तलिखित, म्हणून त्याच्याबद्दलच जरा सविस्तर सांगतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, 1982 च्या सुमारास मी सातवीत होतो. आमच्या मराठीच्या गुरुजींनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतले मधले दोन तास हस्तलिखिताला दिले होते. हस्तलिखित म्हणजे मुलांनी लिहिलेलं, मुलांनीच सजवलेलं, एकच प्रत असलेलं मासिक. जाड कागद एका मापात कापायचे. पेन्सिलीनं समास आणि ओळी आखायच्या. लेख, कविता, कोडी, गावाची माहिती, मुलाखती गोळा करायच्या. त्या वाचून निवडायच्या, शुद्धलेखन तपासायचं, मग सुवाच्य अक्षरात उतरवायच्या, पेन्सिलीच्या रेघा खोडायच्या, चित्रं काढायची, अनुक्रमणिका करायची आणि शेवटी बाइंडरकडून शिवून घ्यायचं.

आता यात किती प्रकारची कामं आहेत पाहा. आमच्या वर्गात दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरचा मुलगा होता. गणितात तो जेमतेम पास व्हायचा. पण शीर्षकाची अक्षरं त्याच्याशिवाय कोणाला जमत नसत. तो आजारी पडला तेव्हा आमचा अंक पंधरा दिवस अडला, आणि वर्गातली हुशार मुलं रोज त्याच्या घरी तब्येतीची चौकशी करायला जाऊ लागली. दुसऱ्या एकाला लिहिता येत नव्हतं की चित्रही येत नव्हतं. तो समास आखायचा. पट्टी न हलवता ओळी आखणं हे काम किती अवघड असतं ते ज्यानं केलं त्यालाच कळतं.

माझ्या घरात दखनी बोलली जाते. मराठी ही शाळेची, बाजाराची भाषा. वडिलांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चर शोधताना ट्यूब पाण्याच्या टबात दाबली की बुडबुडे कुठून येतात ते बघत मी मोठा झालो. त्या बुडबुड्यांवर मी आठ ओळींची कविता लिहिली. संपादक मंडळात आमच्याच वर्गातली एक मुलगी होती. तिनं कविता परत आणून दिली आणि म्हणाली, “सात ओळी तुझ्या आहेत. आठवी पुस्तकातल्या कवितेसारखी वाटते. ती बदलशील का?” गुरुजींनी गुण दिले असते किंवा ‘छान’ असा शेरा मारला असता तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. बरोबरीच्या मुलीनं कविता खरोखर वाचली होती, म्हणून ते मनात राहिलं. ती ओळ मी चार वेळा बदलली.

यातली खरी गोम गुरुजींनी निवडलेल्या वेळेत होती. ते तास शाळेच्या घंटेच्या आत होते. शाळा सुटल्यावर मी थेट दुकानात जायचो, हवा भरायला. मगरिबनंतर मशिदीत सबक असायचा. गुरुजींनी जर ‘ज्यांना हौस आहे त्यांनी शाळा सुटल्यावर थांबा’ असं म्हटलं असतं, तर मला हौस नाही असंच सगळ्यांनी धरलं असतं.

आजही ‘शाळा सुटल्यावर थांबा’ या तीन शब्दांत निम्मी मुलं गळतात. वाडी-वस्तीवरून येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. पण पासामुळे गाडीची वेळ बदलत नाही. पाचची गाडी चुकली तर पुढची अंधारात, आणि दोनदा असं झालं की घरून शाळाच बंद व्हायची भीती. कोणाला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, कोणाला वेचणीला जायचं असतं, कोणाची आई कामावरून येईपर्यंत चूल पेटवायची असते. शहरात शाळेच्या दोन पाळ्या असतात, पहिली सुटताच दुसरी आत येते, थांबायचं कुठे? मग थांबतं कोण? ज्यांची घरं जवळ, ज्यांना न्यायला कोणी येतं ते. 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मला शाळाशाळांतून बोलावणं येतं. (त्या एका दिवशी आम्हा कवींचा भाव एकदम वधारतो.) दुपारी कार्यक्रम लांबला की मागच्या रांगेतल्या मुली माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघू लागतात. मी तेव्हा कविता आवरती घेतो.

उर्दू माध्यमाच्या शाळांत बैतबाजी चालते. एकानं शेर म्हणायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्यानं पुढचा. आपल्या भेंड्यांचीच ही बहीण. कागद लागत नाही, पैसा लागत नाही, मधल्या सुट्टीतही होते. एरवी वहीत भोपळे मिळवणारा पण कानानं पक्का असलेला मुलगा तिथे राजा असतो. मराठी शाळांतून भेंड्या मात्र सहलीच्या बसपुरत्या उरल्या आहेत.

बाकीच्या मंडळांबद्दल थोडक्यात. स्काउटची रचना मला आवडते. सहा ते आठ मुलांचा गट, त्याचा नायक त्यांच्यातलाच, आणि कामाची वाटणीही त्यांनीच करायची. गणवेशाचा खर्च मात्र काही मुलांना दारातच अडवतो. राष्ट्रीय हरित सेना 2001-02 मध्ये सुरू झाली, तेव्हा शाळाशाळांत निसर्ग मंडळं निघाली. जिथे एखाद्या शिक्षकाला खरी आवड होती तिथे मुलं पक्ष्यांच्या नोंदी ठेवू लागली, खतखड्डे करू लागली. इतरत्र जुलैत एक रोप, त्याभोवती बारा हात आणि एक फोटो. पुढच्या जुलैत पुन्हा त्याच खड्ड्यात.

शिक्षक यावर विचारतील, आणि रास्तच विचारतील, की हे आम्ही कधी करायचं? माहिती भरा, निवडणुकीच्या कामाला जा, वर हे. याचं उत्तर जपानकडे पाहून थोडं मिळतं. तिथल्या शाळांतून ‘बुकात्सु’ नावाची मंडळं शाळा सुटल्यावर चालतात. खेळ, वाद्यवृंद, सुलेखन, सगळं काही. मुलांना त्यांचा मोठा अभिमान असतो. पण त्यांची जबाबदारी शिक्षकांवर, रोज संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशीही. शिक्षक इतके थकले की 2018 मध्ये सरकारला खेळाच्या मंडळांसाठी मर्यादा घालावी लागली. रोज दोन तासांच्या आसपास, सुट्टीच्या दिवशी तीन, आणि आठवड्यात निदान दोन दिवस विश्रांती. 2023 पासून सुट्टीच्या दिवसांची मंडळं शाळेकडून गावातल्या संस्थांकडे सोपवायला सुरुवात झाली. तेव्हा शिक्षकाच्या भल्यासाठीही मंडळ घंटेच्या आतच हवं, आणि तो तास त्याच्या कामात धरला जायला हवा. शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे 45 तास तयारीसह धरलेले आहेत. त्यात हा एक तास बसवणं अशक्य नाही.

ज्यांना यंदा हस्तलिखित सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. तास शनिवारी ठेवायचा तर शेवटचा नको, मधला ठेवा. शेवटच्या तासाला गाडी धरणारी मुलं निघून गेलेली असतात. कोणाचंही लिखाण सरसकट नाकारू नका. ‘हे एवढं बदलून आण’ असं म्हणा, आणि तेही मुलांनाच म्हणू द्या. गुण देऊ नका. 2010 पासून आपल्याकडे आकारिक मूल्यमापन आलं आहे, त्यामुळे मुलाच्या प्रत्येक हालचालीची नोंद करायचा मोह होतो. पण मोजपट्टी दिसली की आईवडील लिहून द्यायला लागतात. खर्च म्हणाल तर जाड कागद, रंग आणि शिलाई. मोबाइलवर अंक करू या असं कोणी सुचवेल. करावा, पण हातानं लिहिलेला आधी. मोबाइलवर पेंटरच्या मुलाला काम उरत नाही.

आणि अंक तयार झाल्यावर. 26 जानेवारीला तो पाहुण्यांच्या हातात देतात, फोटो निघतो आणि अंक मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो. कपाटाला कुलूप असतं. त्याऐवजी त्याला ग्रंथालयाच्या नोंदवहीत क्रमांक द्यावा आणि इतर पुस्तकांसारखा मुलांना एकेक दिवस घरी न्यायला द्यावा. घरी आई वाचेल, वाचता येत नसेल तर चित्रं बघेल. पानं दुमडतील, हळदीचे डाग पडतील, एखादं पान फाटेलही. पुढच्या वर्षी नवा अंक होणारच आहे.