वॉल बंद, खिडकी उघडी

पहाटे 5.30

खालच्या टाकीचा पंप सुरू झाला की चौथ्या मजल्यावर जाग येते. आज पिंप, बादल्या, पातेली, कुकर, मुलाची शाळेची बाटली, जे जे भरता येईल ते भरून ठेवायचं आहे, कारण स्वयंपाकघराची लाइन कापायची आहे. अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं, बरंचसं बदलापूरच्या बॅरेजवर उल्हास नदीतून उचललेलं. त्याची यायची वेळ ठरलेली असते, त्यामुळे घरातल्या दुरुस्तीची वेळही नळच ठरवतो.

मंगळवार मुद्दाम निवडला, रजा टाकून. रविवारी इथे घरोघरी दुपारी दोनपर्यंत मटण शिजत असतं. त्या दिवशी पाणी बंद करणाऱ्याला इमारत वर्षभर विसरत नाही.

प्लंबर का नाही, असं शेजारच्या काकूंनी जिन्यात विचारलंच. प्लंबर आहेत, पण आमच्या चिखलोलीला स्थानक होणार म्हटल्यापासून आजूबाजूला टॉवर उठताहेत. ज्याच्या हातात अख्ख्या टॉवरचं काम आहे, तो माझ्या गळक्या नळासाठी चार जिने कशाला चढेल? ‘उद्या येतो’ म्हणतो, आणि त्याचंही चूक नाही.

सकाळी 8.30

अंबरनाथ पूर्वेचं हार्डवेअरचं दुकान. सोबत मामा. अंबरनाथच्या कारखान्यांत फिटर म्हणून हयात घालवलेला माणूस, त्यामुळे दुकानात मी बोलायचं नाही असा अलिखित करार. अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी पाइप, ब्रास एल्बो, ब्रासचे आटे असलेला एमटीए, अँगल कॉक, बॉटल ट्रॅप, टेफलॉन टेप, सोल्युशनचा छोटा डबा. आणि एक बॉल वॉल्व्ह. मामांनी तो यादीत सगळ्यात वर लिहायला लावला होता.

पाइपावर आयएस 15778 छापलंय का, ते त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. सीपीव्हीसी पाइपाचं ते भारतीय मानक. शेजारी उल्हासनगर असताना छाप पाहून घ्यावा. तिथल्या मालावरचा ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतो. विनोद जुना झाला. 1949 साली वसलेल्या त्या निर्वासितांच्या गावाने पुढे आख्ख्या ठाणे जिल्ह्याला फर्निचर पुरवलं. माझ्या ओट्याखालची शटरंही तिथल्याच फर्निचर बाजारातली आहेत आणि अजून बिजागरीला घट्ट आहेत.

सकाळी 10

जिन्यात कागद चिकटवला होता: दहा ते बारा किचनचं पाणी बंद. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत सगळ्या मजल्यांची स्वयंपाकघरं एकाच उभ्या लाइनीवर असतात आणि त्या लाइनीला एकच वॉल, तोही गच्चीवर. तळमजल्याच्या नळाचा वायसर बदलायचा तरी चौथा मजला कोरडा पडतो. मामांनी वॉलचं चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. जुन्या गेट वॉल्व्हमधली पट्टी दांड्यापासून सुटली की असंच होतं: चाक बंद दाखवतं, पाणी चालूच. शेवटी टाकीच्या तोंडाशी असलेला वॉल बंद केला आणि खालच्या मजल्यावरचे नळ सोडून लाइन रिकामी केली.

मग हॅक्सॉ. कापलेला जुन्या जीआय पाइपाचा तुकडा हातात घेऊन उजेडाकडे धरला. बाहेरून अर्ध्या इंचाचा, आत गंजाचे थर चढत चढत पेन्सिल जेमतेम जाईल एवढं भोक. तांबूस-काळ्या, खवल्याखवल्यांच्या त्या भिंतीवर नख मारलं की पापुद्रा सुटतो. ‘टाकीत पाणी आहे पण नळाला धार नाही’ ही इमारतीतल्या प्रत्येक बाईची तक्रार या भोकात होती.

ब्रासच्या आट्यांवर टेफलॉन बसवायचा तो घड्याळाच्या दिशेने, ओढून. उलटा गुंडाळला तर फिटिंग फिरवताना सगळा टेप बाहेर येतो. पाइप सरळ कापायचा, कडेचा कीस काढायचा, कोरडा पुसायचा. सोल्युशन पाइपाला बाहेरून आणि फिटिंगला आतून लावायचं, पाव वळसा देत आत सारायचं आणि अर्धा मिनिट दाबून धरायचं. हे अर्धं मिनिट बहुतेक जण खातात. फिटिंगचं तोंड आत निमुळतं असतं, सोडलं की पाइप हळूच मागे सरकतो, आणि ते दिसतं तेव्हा सांधा वाळलेला असतो.

सोल्युशनला लोक गोंद समजतात. ते प्लास्टिक विरघळवतं. टेट्राहायड्रोफ्युरान, सायक्लोहेक्झानोन असली द्रावकं पाइपाचा आणि फिटिंगचा पृष्ठभाग मऊ करतात, दोन्ही एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि एकच प्लास्टिक उरतं. हे ध्यानात असलं म्हणजे दुपारच्या कामात काय सांभाळायचं ते आपोआप कळतं.

दुपारी 12

माझ्या फाट्यावर बसवलेला बॉल वॉल्व्ह बंद ठेवून गच्चीवरून पाणी सोडलं. कागदावर लिहिलेल्या वेळेला खालच्या सगळ्या घरांना पाणी मिळालं, माझी लाइन मात्र कोरडीच. सांध्यांना उद्या सकाळपर्यंत निवांत वाळता येईल. मघाशी दुकानात त्या वॉलला पहिला मान का दिला, हे सांगायची मामांना गरज पडली नाही.

सिंकखाली बॉटल ट्रॅप बसवला. आधी नळी थेट मोरीच्या भोकात सोडलेली होती, म्हणून झुरळं आणि वास वर यायचे. ट्रॅपच्या बुडाशी साचलेलं पाणीच ती वाट अडवतं. दहा मिनिटांचं काम.

दुपारी 2.30

आता भिंतीच्या टाइल्स आणि शटरं. वर्षानुवर्षांच्या फोडणीचा पिवळा चिकट थर. इथे लोक थेट थिनरची बाटली उघडतात, ते मला पटत नाही. आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा. निम्म्याहून जास्त तेलकटपणा त्यानेच जातो. जे पाण्याला दाद देत नाही, म्हणजे जुन्या स्टिकरचा गोंद, रंगाचे ओघळ, तेवढ्यालाच द्रावक. पूर्वी याला रेशनचं रॉकेल असायचं, आता ते दुर्मीळ.

बाटली उघडण्याआधी सिलिंडर बंद करून बाल्कनीत नेला. फ्रिजचा प्लग काढला, कारण त्याचा काँप्रेसर सुरू होताना ठिणगी पडू शकते. दिव्याच्या आणि पंख्याच्या बटणांना हात लावायचा नाही. दोन्ही खिडक्या सताड. एसिटोनची वाफ उणे 20 अंशालाही पेट घेऊ शकते, थिनरमधल्या टोल्युइनची साधारण 4 अंशाला. म्हणजे आपल्या हवेत बाराही महिने. ही वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरते आणि पलीकडच्या खोलीतल्या देवाच्या समईपर्यंतही पोहोचू शकते. तोंडावर बांधलेला रुमाल तिला अजिबात अडवत नाही. तिला फक्त वारा पांगवतो.

चिंधीला थोडं लावायचं, पुसायचं, चिंधी बाहेर. नव्या पाइपापासून चार हात लांब, कारण एसिटोन आणि थिनर सीपीव्हीसीलाही मऊ करतात. सकाळी ज्याने सांधा जोडला, त्याच जातीची वस्तू दुपारी सांडली तर पाइप खराब करते.

ओट्याचा कडप्पा ॲसिडने घासू नका. तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिडने खाल्ला जातो आणि चकाकी कायमची जाते. आणि संडास साफ करायचं ॲसिड ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

सायंकाळी 5

काकू दारात. “वास एमआयडीसीचा का तुझा गं?” चिखलोलीत हा प्रश्न थट्टेचाही असतो आणि खराही. “माझाच काकू, जाईल तासाभरात.” त्यांनी पिठलं-भाकरीचा डबा आत सरकवला आणि नाक पदराला लावून गेल्या.

सायंकाळी 7

वास पूर्ण जाईपर्यंत सिलिंडर आत आणायचा नाही. चिंध्या गच्चीवर सुट्या सुट्या पसरल्या आहेत; बोळा करून पिशवीत कोंबल्या तर वाफ साठते, आणि जवसाच्या तेलाचा रंग पुसलेली चिंधी तर आपोआप तापून पेटू शकते. उरलेलं थिनर घट्ट झाकणाच्या मूळ डब्यात, मोरीत नाही. इथले नाले वालधुनीला मिळतात. 2014 साली याच नदीत कुणी रसायनं सोडली आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. माझं थिनर वाटीभर असेल, पण वाटीभर वाटीभर करतच नाला भरतो.

रात्री 9

जेवून मामा निघाले. जिन्यात सेक्रेटरी भेटले, म्हणाले, “पुढच्या सभेत बाहेरच्या रंगाचा विषय घेतोय.” मामांनी त्यांना गच्चीवरच्या फिरत्या चाकाबद्दल सांगितलं. तेच इथे सांगते: तुमच्याही इमारतीत किचनला वेगळे वॉल नसतील तर रंगाच्या आधी ते ठरावात घाला. रंग वर्षभर थांबू शकतो. एखाद्या रात्री नळ तुटला आणि गच्चीवरचा वॉल असाच फिरत राहिला, तर पाणी थांबवायला तुमच्या घरात काहीच नसेल.