शिक्षक होताना (भाग ६) : फी माफ झाली तरी खर्च उरतोच

बारावीचा निकाल लागला की सास्तूर, लोहारा, उमरगा या पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एकच विषय निघतो. पोरीला डी.एड.ला, म्हणजे आताच्या डी.एल.एड.ला, घालायचं की आधी बी.ए. करून मग बी.एड.? आणि लगेच दुसरा प्रश्न, ‘फी किती? माफ होते का?’ बोलणं फीवरून सुरू होतं आणि बहुतेक वेळा फीवरच संपतं.

या आठवड्यात मला एवढंच पटवून द्यायचं आहे की या सगळ्या हिशेबात फी हा सर्वांत सोपा आकडा आहे. अवघड आकडे दोन. एक, गावाबाहेर राहून शिकण्याचा खर्च. दुसरा, प्रमाणपत्र हातात आल्यापासून नेमणुकीचा आदेश मिळेपर्यंतची वर्षं. या दुसऱ्या आकड्यापायी आपल्या भागातल्या एका पिढीची उमेदीची वर्षं गेली. २०१० ची भरती परीक्षा झाली, मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षकभरतीवर बंदी आली आणि अभियोग्यता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात, ती पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७ मध्ये. दुसरी थेट २०२३ मध्ये आणि तिसरी २०२५ मध्ये. मधल्या काळात गावोगावी डी.एड. झालेली मुलं दुकानात, शेतात, पुण्याच्या कंपन्यांत रोजंदारीला लागली. त्यांच्या आईवडिलांनी भरलेली फी केव्हाच विसरली गेली; वाया गेलेली वर्षं विसरली गेली नाहीत.

म्हणून आधी फी विचारू नका. आधी विचारा, कोणत्या वर्गाला शिकवायचं आहे?

हा प्रश्न पूर्वी एवढा निकराचा नव्हता. जून २०१८ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने बी.एड. झालेल्यांनाही पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं होतं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम केला की झालं. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. लहान मुलांना शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते डी.एल.एड.मध्ये शिकवलं जातं, असा त्या निकालाचा गाभा. मला तो निकाल मनापासून पटतो. पहिलीच्या मुलाला अक्षर ओळखायला लावणं हे दहावीला बीजगणित शिकवण्यापेक्षा सोपं आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक आठवडा पहिलीचा वर्ग सांभाळून पाहावा.

याचा व्यवहारातला अर्थ असा. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एड. आणि टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा (ही टेटहून वेगळी), पहिला पेपर. सहावी ते आठवीला पदवी, सोबत डी.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर. नववी-दहावीला पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. म्हणजे बी.ए., बी.एड. अशी पाच वर्षं घातलेल्या मुलीला गावच्या जिल्हा परिषद शाळेतल्या पहिलीच्या वर्गावर जाता येत नाही, आणि दोन वर्षांचं डी.एड. केलेली मुलगी पुढे पदवी घेऊन आठवीपर्यंत जाऊ शकते. आपल्या भागातल्या कितीतरी घरांत हे अजून उलटंच धरून चालतात. बी.एड. ‘मोठं’, म्हणून त्यात सगळं आलंच, अशी समजूत असते.

तिसरी वाट नवीन आहे. बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, ज्यात पदवी आणि बी.एड. एकत्र मिळते. २०२३-२४ पासून तो सुरू झाला, प्रवेशासाठी देशपातळीवरची परीक्षा असते. महाराष्ट्रासाठीची एनसीईआरटीची प्रादेशिक संस्था भोपाळला आहे, तिथेही तो चालतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत शिक्षकासाठी हीच किमान पात्रता करायचं म्हटलं आहे. एक वर्ष वाचतं, हे खरं. पण सास्तूरच्या मुलीला चार वर्षं घरापासून लांब ठेवणं ज्या घराला झेपेल त्यांनीच ही वाट धरावी.

आता कॉलेजबद्दल. खासगी, महागडं, ‘नावाजलेलं’ कॉलेज घेतलं तर नोकरीला उपयोग होईल, असं समजून लोक कर्ज काढतात. जिल्हा परिषदेच्या भरतीत पवित्र पोर्टलवर तुमचं कॉलेज कुठलं, याला काही किंमत नाही. मुलाखतही नाही. २०० गुणांच्या टेटमध्ये जे मिळालं त्यावर, आरक्षण आणि विषय धरून, यादी लागते. ज्याची फी अर्धी आहे त्या कॉलेजातली मुलगी टेटमध्ये दहा गुण जास्त मिळवून पुढे जाते. म्हणून डी.एड.साठी पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या केंद्रीय प्रवेशातून सरकारी किंवा अनुदानित अध्यापक विद्यालय, आणि बी.एड.साठी सीईटी देऊन केंद्रीय प्रवेशाच्या कॅप फेरीतून अनुदानित कॉलेज, हाच माझा आग्रह राहील. वाचलेले पैसे टेटच्या तयारीच्या वर्षासाठी राखून ठेवा.

कॅप फेरीवर एवढा जोर देण्याचं आणखी एक कारण आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. पण ही सवलत केंद्रीय प्रवेशातून आलेल्या मुलींनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला की ती गेली. ‘जागा धरून ठेवतो, पैसे भरून टाका’ असं सांगत एखादा दलाल दारात आला तर हे वाक्य लक्षात असू द्या. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटी पोर्टलच्या यादीत आहे का, हे प्रवेश पक्का करण्याआधी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, कारण डी.एड. शालेय शिक्षण विभागाकडे येतं, बी.एड. उच्च शिक्षण विभागाकडे, आणि योजना विभागवार चालतात. मुलगा असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत निम्मी शिक्षण फी मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना अडीच लाखांच्या उत्पन्नमर्यादेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, त्यावरच्या उत्पन्नाला फ्रीशिप.

या शिष्यवृत्तीचे पैसे येतात कसे, ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण अडचण तिथेच होते. महाडीबीटीचा अर्ज भरला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडला, जातीचा दाखला जोडला, कॉलेजच्या लिपिकाने अर्ज पुढे पाठवला. पैसे जातात आधारशी जोडलेल्या खात्यात. पण कोणत्या? आधार सर्वांत शेवटी ज्या बँकेला जोडलं त्या खात्यात. मुलीने अर्जासाठी नवं खातं उघडलेलं असतं आणि आधार मात्र कुठल्या तरी जुन्या खात्याला चिकटलेलं. महिनोन्‌महिने ‘पैसे आले नाहीत’ म्हणून हेलपाटे घालायचे आणि पैसे दुसऱ्याच खात्यात पडून. दुसरी गोष्ट, अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी सात दिवसांत कॉलेजला भरायची असते. पैसे आले त्या आठवड्यात घरात खताची उधारी असते, कुणाचं दुखणं असतं. मोबाइलवर मेसेज वाजतो आणि घरातल्या सगळ्यांना तो घरातलाच पैसा वाटतो. तो खर्च झाला की वर्षाच्या शेवटी परीक्षेचा अर्ज अडतो. मुलीला त्या खात्याची एकटी मालकीण राहू द्या, एवढं तरी घराने पाळावं.

राहण्याजेवण्याचा खर्च मात्र यातल्या कुठल्याही फीमाफीत बसत नाही. समजा, लातूरला खोली आणि डबा मिळून महिन्याला ५,००० रुपये लागले. दहा महिन्यांचं वर्ष धरलं तरी दोन वर्षांचे एक लाख होतात. माफ झालेल्या फीच्या आनंदात हा लाख कुणी मोजत नाही. १९९३ च्या भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने याच भागातली सुमारे १,२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली, वाघोलीला त्यांच्यासाठी केंद्र उभं केलं. ती मुलं शिकू शकली ती राहणं, जेवण आणि मायेची माणसं एका ठिकाणी मिळाली म्हणून. सरकारी वसतिगृहाचा अर्ज म्हणूनच फीच्या अर्जाआधी भरावा. वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्याला भोजन २५,०००, निवास १२,००० आणि निर्वाह ६,००० असे वर्षाला ४३,००० रुपये. ओबीसी, भटक्या-विमुक्तांना त्याच धर्तीवर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सातबारा चार एकरांचा असेल तर हा अर्ज राहता कामा नये.

कर्जाचं काय? बँकेच्या शैक्षणिक कर्जात चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. घराचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज पात्र ठरत असेल तर शिकण्याच्या काळातलं व्याज केंद्र सरकार भरतं. ऐकायला बरं आहे. पण हप्ता सुरू होतो शिक्षण संपल्यावर वर्षभराने, आणि टेट वर्षभरात येईल याची हमी कुणी देत नाही. एक लाखाचं कर्ज १० टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे २,१२५ रुपये. नेमणूक झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक. जानेवारी २०२३ पासून पहिली ते आठवीला मानधन १६,००० आहे, नववी-दहावीला १८,०००. त्याआधी ते ६,००० आणि ८,००० होतं. १६,००० मध्ये बदलीच्या गावी भाडं, गावाकडे पैसे आणि वर हप्ता, हे जमतं, पण ओढाताणीने. नेमणुकीआधीच हप्ता सुरू झाला तर जमतच नाही. फीसाठी कर्ज काढायला माझा विरोध आहे. एखादं वर्ष थांबून सीईटी पुन्हा दिलेली बरी.

पदव्यांचा क्रमही मदतीवर परिणाम करतो. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत एकाच पातळीचं शिक्षण दुसऱ्या विषयात पुन्हा घेतलं तर पैसे मिळत नाहीत, उदाहरणार्थ बी.ए. झाल्यावर बी.कॉम. एक व्यावसायिक शिक्षण पुरं करून दुसऱ्या व्यवसायाच्या शिक्षणाला गेलं तरीही मिळत नाहीत, बी.एड.नंतर एल.एल.बी. हे नियमातच दिलेलं उदाहरण आहे. म्हणजे ‘आधी हे करून बघू, नाही जमलं तर ते’ ही चाल सवलतीच्या पैशावर एकदाच चालते.

सास्तूरकरांसाठी एक खास गोष्ट. भरतीत भूकंपग्रस्तांना दोन टक्के समांतर आरक्षण आहे. १९९३ चा दाखला घरात पेटीच्या तळाशी पडलेला असतो, कधी आजोबांच्या नावे, कधी अशा चुलत्याच्या नावे ज्याला आता नोकरी करायचीच नाही. जागा थोड्या असतात हे खरं, पण टेटमध्ये थोडक्यात मागे पडलेल्या मुलीला तेवढंच पुरतं. बारावीनंतरच्या सुट्टीत धाराशिवला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन तो कुणाच्या नावे आहे, मुलीच्या नावे करता येतो का, हे विचारून घ्यावं. पोर्टलवर अर्ज भरायची मुदत चालू असताना ही धावपळ कामाला येत नाही.

आता माझं मत. कोरडवाहू चार एकर, सोयाबीन-तूर, कला शाखेत बरे गुण असलेली मुलगी आणि पाठीशी मोठा आधार नाही, अशा घराने सरकारी किंवा अनुदानित डी.एड. आधी करावं. विसाव्या वर्षी ती टीईटी आणि टेटला बसू शकते. नेमणुकीची वाट पाहता पाहता यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यावी. त्याने सहावी ते आठवीचं दार उघडतं, आणि वाट पाहण्याची वर्षं रिकामी जात नाहीत. सेवेत गेल्यावर त्याच विद्यापीठाचं बी.एड. प्रशिक्षित शिक्षकांना घरी राहून करता येतं. गणित-विज्ञानात मन रमणाऱ्या मुलीला मात्र मी डी.एड.कडे वळवणार नाही. तिने बी.एस्सी. आणि मग बी.एड. करावं, माध्यमिकला जावं. खेड्यातल्या माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवणारी बाई आली की आठवीतल्या मुलीही विज्ञान घ्यायचं म्हणू लागतात, आणि त्यासाठी घराने दोन-तीन वर्षं जास्त ताण सोसला तर तो सोसण्याजोगा आहे.

पुढच्या आठवड्यात टीईटीचे दोन पेपर : दीडशेपैकी ९० गुणांपर्यंत पोचताना मुलं नेमकी कुठे अडतात.