विहीर उपसायला किती वीज लागते?

गाळ काढण्यासाठी एक विहीर पूर्ण उपसायची आहे, असं समजा. विहीर गोल, व्यास ६ मीटर, खोली १२ मीटर. पाणी ४ मीटरवर लागतं, म्हणजे आत ८ मीटर पाणी आहे. झऱ्यांचं पाणी तूर्तास सोडून देऊ. हे सगळं पाणी काठापर्यंत आणायला किती कार्य करावं लागेल?

शाळेतलं सूत्र तुम्हाला आठवत असेल: कार्य = वजन × उंची. पण उंची कुठली घ्यायची? वरचं पाणी ४ मीटर चढतं, तळाचं १२.

म्हणून पाण्याच्या पातळ आडव्या चकत्या कल्पायच्या. एका चकतीतलं पाणी जवळपास एकाच खोलीवर असतं, त्यामुळे तिला शाळेतलं सूत्र लागू पडतं. चकतीचं क्षेत्रफळ २८.३ चौरस मीटर आणि एक घनमीटर पाण्याचं वजन सुमारे ९८०० न्यूटन. काठापासून 'य' मीटर खोल असलेल्या चकतीसाठी:

कार्य = ९८०० × २८.३ × य × जाडी

अशा असंख्य चकत्यांची बेरीज म्हणजेच इंटिग्रेशन. 'य'चं इंटिग्रेशन य²/२. ते ४ ते १२ पर्यंत घेतलं की (१४४ − १६)/२ = ६४. गुणाकार करून येतात सुमारे १.७७ कोटी ज्यूल. विजेचं एक युनिट ३६ लाख ज्यूलचं, म्हणजे साधारण ५ युनिट. पंप-मोटर मिळून कार्यक्षमता ४० टक्के धरली, तर १२ युनिट.

तुम्ही म्हणाल, सरासरी खोली ८ मीटर धरूनही हेच आलं असतं. बरोबर, कारण इथे सगळ्या चकत्या सारख्या आहेत. पण टोक खाली असलेली, काठोकाठ भरलेली शंकूच्या आकाराची टाकी घ्या. तिच्यात बरंचसं पाणी वरच असतं. निम्मी खोली धरली तर उत्तर दुप्पट येतं. खरी सरासरी खोलीच्या फक्त पाव निघते.

आता पुन्हा विहिरीकडे. वरच्या ४ मीटर पाण्याचा वाटा ६४ पैकी २४, खालच्या ४ मीटरचा ४०. पाणी तेवढंच, पण कार्य दीडपटीहून जास्त! भूजल खाली जातं तेव्हा नेमकं हेच होतं. महाराष्ट्रात २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, त्यामुळे हा फरक शेतकऱ्याच्या बिलात दिसत नाही. पण तेवढे ज्यूल कुठेतरी तयार करावेच लागतात.