गावच्या शाळेची जमाबंदी

३१ जुलै रोजी महसुली वर्ष संपते आणि १ ऑगस्टपासून नवे सुरू होते. या सुमारास गावचे दप्तर तपासले जाते. आकारणी किती, वसुली किती, बाकी किती, पड जमीन किती व लागवडीखाली किती, याचा मेळ घातला जातो. आणि ज्या रकान्याचा मेळ बसत नाही त्याबद्दल दप्तर राखणाऱ्यास जाब द्यावा लागतो. महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या प्रस्तुत लेखकाचे बहुतेक आयुष्य असे रकाने पडताळण्यात गेले. त्यास एक गोष्ट नेहमी खटकत आली आहे. ज्या गावात एका गुंठ्याच्या फेरफारावरून वर्षानुवर्षे तक्रारी चालतात, त्याच गावात प्राथमिक शाळेतील मुलांनी वर्षभरात काय कमावले, हे विचारणारा मनुष्य सहसा आढळत नाही.

शेतकऱ्यांच्या मासिकात शाळेविषयी लेख कशास, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर सोपे आहे. खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत बसणारी मुले शेतकऱ्यांची व शेतमजुरांची आहेत. उद्या पीकविम्याचा अर्ज, सोसायटीचा कर्जरोखा, औषधाच्या बाटलीवरील सूचना हे सर्व त्यांसच वाचावयाचे आहे. जो वाचू शकत नाही तो दुसऱ्याच्या सांगण्यावर अंगठा किंवा सही करतो, आणि अशा सहीची किंमत किती पडते हे कचेरीत बसणाऱ्यास चांगले ठाऊक असते.

पूर्वपीठिका

सर्व मुलांस प्राथमिक शिक्षण मिळावे ही मागणी आजची नव्हे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मांडले होते. शेतकरी ज्या पैशाने सरकारचा खजिना भरतो त्या पैशातून त्याच्या मुलांच्या वाट्यास काय येते, हा त्यांचा रोखठोक सवाल होता. सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व बडोदे संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले. ते पुढील वर्षी नामंजूर झाले. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद ठेवली.

१९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. त्या संस्थेच्या वसतिगृहांस गावोगावच्या शेतकऱ्यांनी मूठमूठ धान्य दिले. पैसा नसलेल्या माणसासही शाळेस देण्यासारखे काहीतरी असते, हे त्या मुठीने दाखवून दिले. पुढे १९६२ साली महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व खेड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. शाळा सरकारी झाली हे योग्यच झाले. परंतु त्याबरोबर ‘शाळा सरकारची, आपण फक्त मुले पाठवावयाची’ अशी समजूत गावात रुजली, तेवढे मात्र बरे झाले नाही.

कायद्याने दिलेला अधिकार

मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेसाठी शाळा व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले. समितीत तीन-चतुर्थांश सभासद मुलांचे आई-बाप किंवा पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे व मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे ही या समितीची कामे होत. म्हणजे शाळेचे दप्तर उघडून पाहण्याचा अधिकार आता कोणा साहेबाच्या मेहेरबानीचा राहिलेला नाही. तो ज्यांची मुले शाळेत बसतात त्यांचा आहे.

व्यवहारात काय घडते ते मात्र सांगितले पाहिजे. पुष्कळ ठिकाणी ठरावाचे पुस्तक घरोघर फिरते व सभासद त्यावर सह्या करतात. न वाचता पंचनाम्यावर सही करणारा पंच आणि न वाचता ठरावावर सही करणारा सभासद यांत फरक तो काय? पंचनाम्यात फार तर कोणाचा बांध सरकतो; येथे मुलांची उमेदीची वर्षे सरकतात.

हिशेबाचे रकाने

शाळेचा वार्षिक हिशेब कसा असावा? प्रस्तुत लेखकाच्या मते पाच रकाने पुरेत, आणि ते कोणाही पालकास समजण्यासारखे आहेत.

पहिला रकाना पटाचा. ३० सप्टेंबरच्या पटावर शाळेस किती शिक्षक मिळावयाचे हे ठरते. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावयास पाहिजेत. त्यामुळे गावातील सहा वर्षे पूर्ण झालेली किती मुले शाळेत दाखल झाली, किती दुसरीकडे गेली व किती कोठेच नाहीत, ही यादी नावानिशी हवी. तीत खोटे नाव एकही नसावे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यात पटपडताळणी झाली तेव्हा लाखो मुले केवळ कागदावर असल्याचे उघडकीस आले होते. खोट्या पटाने शाळा मोठी होत नाही. खऱ्या मुलाचा घास मात्र कमी होतो.

दुसरा रकाना हजेरीचा, आणि तो महिनावार असावा. वर्षाची सरासरी फसवी असते. जून-जुलैत नव्वद व कापूस वेचणीच्या महिन्यात पन्नास अशी हजेरी असली तर सरासरी बरी दिसते, पण त्या महिन्यांत शिकविलेला भाग मुलाच्या हाती लागत नाही. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षास किमान दोनशे दिवस व आठशे तास शिकविणे ठरविले आहे. शाळा किती दिवस भरली आणि प्रत्येक मूल त्यांपैकी किती दिवस आले, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

तिसरा रकाना वाचन व गणिताचा. हाच खरा उताऱ्याचा रकाना होय. २००५ पासून ‘असर’ नावाची पाहणी ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांस अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट वाचावयास देते. २०२४ च्या पाहणीत देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आढळली. २०१८ साली हे प्रमाण २०.९ होते, साथीच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते १६.३ वर घसरले होते. सुधारणा झाली खरी. परंतु शंभरातील सुमारे सत्त्याहत्तर मुले अजून मागे आहेत, हेही तितकेच खरे.

या पाहणीची रीत इतकी साधी आहे की ती प्रत्येक गावास करता येईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली व शेतकरी आपल्या शेतातील पीक स्वतः मोबाईलवर नोंदवू लागला. आपल्या कापसाची नोंद आपण करतो, तर आपल्या मुलाच्या वाचनाची नोंद का करू नये? सहामाहीत व वार्षिक परीक्षेच्या सुमारास प्रत्येक मुलास एक परिच्छेद वाचावयास द्यावा व हातच्याची एक वजाबाकी घालावी. निरक्षर आईसही मूल अडखळते की सरळ वाचते हे कानाने कळते. यात शिक्षकास धारेवर धरण्याचा हेतू नसावा. कोणत्या मुलास कोठे मदत हवी एवढेच पाहावयाचे आहे.

चौथा रकाना पोषण आहाराचा. प्राथमिक वर्गातील मुलास दररोज शंभर ग्रॅम धान्य आणि एकूण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. हजेरीपटावरील संख्या व आहाराच्या नोंदवहीतील संख्या महिन्यातून एकदा ताडून पाहिली म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सरळ राहतात. पाचवा रकाना पैशांचा: अनुदान किती आले, लोकवर्गणी किती जमली, खर्च कोठे झाला, शिल्लक किती.

सुगी आणि हजेरी

आता आपल्या शेतकरी बंधूंस थोडे कडू बोलणे भाग आहे. हजेरीच्या रकान्यात जी भोके पडतात ती बहुतांशी आपल्या शेतातून पडतात. पावसाळ्याच्या आरंभी शाळा उघडते तेव्हा पेरणीची घाई असते. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी व पुढे कापसाची वेचणी येते. धाकटे भावंड सांभाळण्यास, जेवण पोहोचविण्यास, राखणीस म्हणून मूल घरी राहते, आणि बहुधा ते मूल मुलगी असते. चार दिवसांनी काय बिघडते, असे आपण म्हणतो. पहिलीतील मुलाची बाराखडी चुकली की दुसरीत त्याचे वाचन अडते, तिसरीत गणिताचे उदाहरण वाचता येत नाही, आणि पाचवीत ते शाळाच नको म्हणते. पेरणीचा वाफसा चुकला तर पीक हाती लागत नाही, हे ज्यास शिकवावे लागत नाही त्यास हे सहज समजावे.

ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून मोठी आहे. दिवाळीच्या मागेपुढे बीड व आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो जोडपी कोयता घेऊन निघतात व उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मुले बरोबर गेली तर शाळेचे निम्मे वर्ष बुडते. यासाठी गावातच हंगामी वसतिगृहे शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालविण्यात आली, आणि स्थलांतरित मुलास दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रकाची सोय झाली. परंतु कागद मुलास हाक मारीत नाही. आजीजवळ राहिलेले मूल सकाळी शाळेत गेले की नाही हे शेजाऱ्यानेच पाहावयाचे असते. आणि ज्या गावच्या फडात ही मुले येतात त्या गावाने त्यांस आपल्या शाळेत बसवून घ्यावयाचे असते.

लोकवर्गणी कशासाठी?

लोकांनी मनावर घेतले म्हणजे शाळा कशी पालटते याची उदाहरणे राज्यात आहेत. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमधील शाळांत शिक्षकांनी मुलास स्वतः करून शिकू देण्याची पद्धत रुजविली व ती पाहण्यास राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्यास अशा प्रयोगांचा आधार होता. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पट घटल्याने बंद पडण्याच्या बेतात होती. शिक्षक व ग्रामस्थ यांनी मिळून ती उभी केली. तेथे विषयमित्र ही रीत आहे. ज्या मुलास एखादा विषय चांगला येतो ते दुसऱ्यास तो शिकविते. २०२५ साली या शाळेस जागतिक शाळा पारितोषिकांपैकी लोकपसंतीचे पारितोषिक मिळाले.

लोकवर्गणीचा पैसा प्रथम कोठे जावा, हे यावरून ध्यानी यावे. कमान, रंगरंगोटी व नामफलक यांस देणगी लवकर मिळते, कारण देणाऱ्याचे नाव तेथे दिसते. वाचनाची पुस्तके, मुलींच्या स्वच्छतागृहास पाणी व गळके छप्पर यांस मिळत नाही. क्रम याच्या उलट असावा. आणि ज्याजवळ पैसा नाही त्यानेही मागे राहू नये. शाळेच्या परसबागेस दोन पाट्या शेणखत, मेथी-पालकाचे बी, शेवग्याची फांदी, हे कोणीही देऊ शकेल. एखाद्या शेतकऱ्याने मुलांस बांधावर नेऊन चाळीस गुंठ्यांचा एकर कसा होतो व एकरी बियाणे किती लागते हे मोजून दाखविले, तर ते गणित जन्मभर विसरले जाणार नाही.

पटाचा प्रश्न

हे सर्व आताच करण्यास एक कारण आहे. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ पासून राज्यात पुढे आला. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी हा नियम असला, तरी वर्ग रिकामे राहिले तर केवळ नियम शाळेस तारू शकणार नाही. ऐपत असलेला पालक मुलास तालुक्याच्या गावी बसने पाठवितो. मागे राहते ते मजुराचे मूल. शाळा गेली तर प्रथम त्याचेच शिक्षण थांबेल, आणि त्यातही मुलीचे आधी.

तेव्हा वाचकांस विनंती इतकीच की, येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत ‘शाळेचा वार्षिक हिशेब’ हा विषय घ्यावा. मुख्याध्यापकांनी वरील पाच रकाने वाचून दाखवावेत, गावाने शांतपणे ऐकावेत, आणि जेथे बाकी दिसेल तेथे ती कोणी व केव्हा भरून काढावयाची याचा ठराव करावा. शिक्षकाकडील बाकी शिक्षकाने भरावी, पंचायतीकडील पंचायतीने, आणि हजेरीची जी बाकी आपल्या घरातील आहे ती आपण भरावी. जमिनीच्या साऱ्यास एखादे वर्षी सूट मिळते. मुलाच्या वयास मिळत नाही.