चेनसॉ घेताय? आधी काम ठरवा, मग मशीन!

समजा, तुम्ही लोणी काळभोरला सरपण विकायचा धंदा सुरू करताय. दुकानदार म्हणतो, "मोठंच मशीन घ्या, साहेब." थांबा! पैसे तुमचे अडकणार आहेत.

सरपणासाठी बहुतेक मांडीएवढ्या फांद्याच कापायच्या असतात. त्याला ४५ ते ५८ सीसीचं मशीन आणि १८ इंची बार पुरतो. रोज जाड ओंडके, इमारती लाकूड कापायचं असेल, तरच ६०-७० सीसी आणि २२-२४ इंची बारकडे जा. छोट्या इंजिनवर लांब बार लावला, की मशीन दमतं. बाभळीसारख्या कठीण लाकडात तर लगेच कळतं.

आता रोजचा खर्च. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावंच लागतं. प्रमाण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतलं, की पिस्टन गेला! चेनचं ऑइल वेगळं. भुशाऐवजी बारीक पीठ पडायला लागलं, की चेन बोथट झाली समजा, कानस मारा. म्हणून विकत घेण्याआधी एकच विचारा: चेन आणि स्पेअर पार्ट जवळ मिळतात का? हंगामात मशीन आठ दिवस बंद, म्हणजे गिऱ्हाईक दुसरीकडे.

हेल्मेट, चष्मा, बूट हाही भांडवलातलाच खर्च धरा.

आणि हो, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या कायद्याने तोडायला परवानगी लागते. मशीन नंतर, कागद आधी!