लिहिणारा, खोडणारा, विकणारा

स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या जबाबदारीवर कादंबरी छापणारा लेखक मराठीत आता अपवाद राहिलेला नाही. तो तालुक्याच्या गावी शिक्षक असतो, पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला असतो, नाहीतर निवृत्त तलाठी असतो. ती घरच्यांची जेवणे उरकल्यावर रात्री लिहायला बसणारी बाई असते. पुस्तकाच्या श्रेयपानावर प्रकाशनाला मुलीचे, आईचे किंवा गावाच्या नदीचे नाव दिलेले असते आणि पत्ता लेखकाच्याच घराचा असतो. लिहायचे त्याने, खोडायचे त्याने, छापखान्यात खेटे घालायचे त्याने आणि घरात आलेले गठ्ठे खपवायचेही त्यानेच. या लेखकाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याच आदरापोटी हा आढावा घेताना एक गोष्ट ठामपणे मांडायची आहे: लिहिणे, खोडणे आणि विकणे या तीन कामांतले मधले काम आपल्याकडे उपाशी राहते, आणि पुस्तकाचे आयुष्य तर त्याच कामावर ठरते.

ही ओढाताण आजची नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘मधली स्थिती’ १८८५मध्ये ‘पुणे वैभव’मधून येऊ लागली. पाच वर्षांनी, १८९०मध्ये, त्यांनी ‘करमणूक’ हे स्वतःचे साप्ताहिकच काढले. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी याच साप्ताहिकातून आठवड्या-आठवड्याने वाचकांसमोर आली. संपादक तेच आणि लेखकही तेच. शिवाय आनंदाश्रमाचा कारभार होता, पुणे नगरपालिकेचे काम होते. अंक निघायचा म्हणजे प्रकरण तयार हवेच! आज मोबाइलवर रोज एक भाग टाकणाऱ्या लेखकाला हरिभाऊंची ही धावपळ ओळखीची वाटेल. पण या पद्धतीची किंमतही त्यांच्या कादंबऱ्यांत दिसते. ‘पण लक्षात कोण घेतो’मधल्या यमूची गोष्ट अजूनही आतून हलवून सोडते, तरी हरिभाऊंच्या लेखनातल्या पाल्हाळाबद्दल समीक्षकांनी वारंवार लिहिले आहे. पहिले प्रकरण छापून घरोघर पोचलेले असताना विसाव्या प्रकरणापाशी आलेल्या लेखकाला मागे जाऊन काय बदलता येणार?

याहून बोलके उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे आहे. महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी त्यांनी मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंडांचे काम तडीस नेले. मराठी पुस्तकाच्या मागे लोकांचा पैसा आणि पाठबळ कसे उभे करावे, याचा एवढा मोठा प्रयोग आपल्याकडे त्याआधी क्वचितच झाला असेल. हेच केतकर कादंबरीकारही होते. ‘ब्राह्मणकन्या’ वाचताना आजही वाटते, की जात, विवाह आणि स्त्रीचे स्थान यांवर इतक्या निर्भयपणे विचार करणारा माणूस त्या काळात दुसरा शोधावा लागेल. विचार असा अव्वल, आणि रचना मात्र ओबडधोबड, हा शेरा त्यांच्या कादंबऱ्यांना कायमचा चिकटला. विक्रीची कल्पकता होती, विषय होता, धाडस होते. त्या मजकुरावर बसून काम करणारा दुसरा माणूस मात्र मिळायला हवा होता, असे मला नेहमी वाटते.

असा दुसरा माणूस मराठीत पुढे झाला. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ प्रकाशन आणि ‘सत्यकथा’ मासिकाच्या परिसरात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन या संपादकांनी लेखकांबरोबर जे काम केले, त्याला नुसते मुद्रितशोधन म्हणता येत नाही. हस्तलिखित परत जाई, शंका काढल्या जात, लेखक पुन्हा लिही. त्या संस्कृतीवर टीकाही भरपूर झाली आणि तिच्यात तथ्य होते. दारे मोजक्यांनाच उघडतात, अभिरुची एकाच साच्याची होते, हे आक्षेप साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या पिढीने जोरात मांडले. आजचा स्वतंत्र लेखक त्या बंडाचाच वारसदार आहे. दारे मोडली हे चांगलेच झाले. मात्र त्यांच्यामागे बसून मजकूर बारकाईने वाचणारा माणूसही आपण गमावला.

विक्रीसाठी लेखकाने स्वतः बाहेर पडण्याची परंपराही आपल्याकडे दमदार आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले. मुंबई महापालिकेत वास्तुविशारद असलेल्या व. पु. काळ्यांनी नोकरी सांभाळून शेकडो कार्यक्रम केले, आणि त्यांच्या कथांच्या ध्वनिफिती घराघरांत वाजल्या. हे सगळे दिवाळी अंकांच्या जगातले लोक. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून या अंकांनी नव्या नावाला वाचक मिळवून दिला आहे. अंकातली दीर्घकथा वाढवून कादंबरी करण्याची आपली जुनी रीत मला फार हिताची वाटते. छापून आल्यावर वर्षभर थांबून पुन्हा लिहायची संधी तिच्यात आपसूक मिळते.

नव्या काळातली स्वयंप्रकाशनाची गाजलेली दोन नावे मुंबईची आहेत, जरी त्यांचे लेखन इंग्रजीतले असले तरी. अश्विन सांघी यांनी ‘द रोझाबल लाइन’ २००७मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली, तीही शॉन हेगिन्स या टोपणनावाने. हे नाव त्यांच्याच नावातली इंग्रजी अक्षरे उलटसुलट करून बनवलेले. पुढच्याच वर्षी वेस्टलँडने ती काढली. अमीश त्रिपाठी तेव्हा विमा कंपनीत नोकरी करत होते. ‘मेलुहाचे मृत्युंजय’ म्हणून मराठीत आलेली त्यांची कादंबरी प्रकाशकांनी नाकारली, तेव्हा २०१०मध्ये ती जवळजवळ स्वतःच्या बळावर बाजारात आली. पहिले प्रकरण वेगळे छापून दुकानांच्या काउंटरवर फुकट ठेवले, यूट्यूबवर चित्रफीत टाकली. ही प्रसिद्धीची कहाणी सगळ्यांना तोंडपाठ आहे. तिच्या आधीची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. अमीश मुळात तत्त्वज्ञानावरचे पुस्तक लिहीत होते. ते रुक्ष झाले आहे, गोष्ट सांग, असे घरच्यांनी सुचवले आणि त्यांनी ते मानले. काउंटरवर फुकट ठेवण्याजोगे प्रकरण हाती आले ते त्यानंतर.

अँडी वीअर या अमेरिकी लेखकाचेही तसेच. मंगळावर अडकलेल्या माणसाची गोष्ट त्याने स्वतःच्या संकेतस्थळावर भागाभागाने फुकट दिली. शास्त्र जाणणारे वाचक चुका कळवत गेले आणि तो दुरुस्त करत गेला. २०११मध्ये किंडलवर ९९ सेंटला पुस्तक आले, २०१४मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून आणि २०१५मध्ये चित्रपटही झाला. यात वाचकच त्याचे संपादक झाले होते.

मराठीसाठी ही दारे गेल्या दशकात उघडली. बंगळुरूहून २०१४मध्ये सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठी मालिका भागाभागाने वाचल्या जातात. २०१६च्या अखेरीस किंडलवर मराठी ई-पुस्तके आली, २०१७मध्ये ‘स्टोरीटेल’ने मराठी ऐकवायला सुरुवात केली. ई साहित्य प्रतिष्ठानासारख्यांनी तर विनामूल्य ई-पुस्तके दूरदूरच्या वाचकांपर्यंत नेली. प्रत्येक दाराला आपली अट आहे. भारतातल्या किंडल-विक्रीवर ७० टक्के वाटा हवा असेल तर ‘सिलेक्ट’ योजनेत जावे लागते, म्हणजे ९० दिवसांच्या मुदतीत ते ई-पुस्तक दुसरीकडे ठेवता येत नाही. एरवी ३५ टक्के. ‘सिलेक्ट’मध्ये वर्गणीदारांनी वाचलेल्या पानांवरही मोबदला मिळतो. मालिका चालवायची तर भाग ठरल्या वेळी पडलाच पाहिजे. उत्कंठेवर तोडलेले शे-दीडशे भाग मोबाइलवर वाचायला बरे वाटतात, पण तेच जसेच्या तसे बांधून कादंबरी केली की दर चार पानांनी उगाच धक्का बसतो. मालिकेची कादंबरी करायची तर ती पुन्हा मुळापासून लिहावी लागते. हे काम टाळलेली पुस्तके मी बरीच पाहिली आहेत. त्यांतल्या काहींमध्ये खरोखर जिवंत माणसे होती, म्हणून जास्त हळहळ वाटते.

छापील कादंबरीचे गणित साधे मांडून पाहू. समजा, किंमत ३५० रुपये. दुकानदार किंवा वितरक ४० टक्के कमिशन घेतो असे धरले, तर लेखकाकडे २१० रुपये उरतात. छपाई प्रतीमागे १२० धरली तर ९० शिल्लक. प्रकाशकाकडून १० टक्के मानधन मिळाले असते तर ३५ रुपये, म्हणजे वरवर पाहता फायदा मोठा आहे. पण ५०० प्रती काढल्या आणि झाडून सगळ्या विकल्या, तरी हातात ४५ हजार येणार. त्यातून अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभाचे सभागृह, परत आलेल्या खराब प्रती आणि ‘सप्रेम भेट’ म्हणून वाटलेला गठ्ठा भागवायचा. उधारी तर वेगळीच. अशा वेळी कात्री लागते ती पहिल्यांदा संपादनाला. मुखपृष्ठ सगळ्यांना दिसते, संपादन दिसत नाही.

सोयीही आहेत. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, लेखकाला व्यक्ती म्हणूनही मिळतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. टपाल खात्याने नोंदणीकृत पुस्तक-टपालाची स्वस्त सेवा डिसेंबर २०२४मध्ये बंद केली, तेव्हा घरून पुस्तके पाठवणाऱ्यांचे कंबरडे मोडले. १ मे २०२५पासून आलेल्या ‘ज्ञान पोस्ट’मध्ये ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, असा दर आहे. तो शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. कादंबरीला तो बिनशर्त मिळाला पाहिजे, ही मागणी लेखकांनी एकत्र येऊन लावून धरावी.

आता खोडण्याच्या कामाकडे. पुष्कळ लेखक हस्तलिखित शुद्धलेखन तपासायला देतात आणि संपादन झाले असे समजतात. ऱ्हस्व-दीर्घ हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी विचारायचे प्रश्न वेगळे असतात. चौथ्या प्रकरणात ज्येष्ठात आलेली सून सातव्यात श्रावणातच नऊ महिन्यांची कशी? परभणीचा म्हातारा मध्येच कोल्हापुरी का बोलतो? निवेदकाला ही गोष्ट कळली कुठून? हे प्रसंग दोन आहेत की एकच दोनदा लिहिला आहे? शुद्धलेखनाच्या नियमांनीही पात्रांच्या तोंडची बोली उच्चाराप्रमाणे लिहायला मुभा दिलेली आहे. तरी हौशी मुद्रितशोधक ती प्रमाण करून टाकतो आणि माणूस मरतो. मग डीटीपीची कटकट. लेखकाने युनिकोडमध्ये टंकलेले, छापखाना जुन्या फाँटवर चालणारा. मजकूर बदलताना रफार हलतो, ‘ऱ्या’ फुटतो, जोडाक्षरे सुटतात. म्हणून शेवटची पाने पुन्हा एकदा, कागदावर काढून, मोठ्याने वाचावीत. कानाला खटकणारे वाक्य डोळ्यांना हमखास चुकवते.

प्रचाराला मात्र वेळेची सीमाच नाही. रील, व्हॉट्सॲपचे गट, अभिवाचन, साहित्य संमेलनातला गाळा, पुणे पुस्तक महोत्सव, वाचनालयांना पत्रे. यातले गाळ्यावर उभे राहणे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण तिथे वाचक पान उघडून समोर वाचतो आणि कुठे थांबतो ते दिसते. बाकीच्याला आठवड्यातला ठरावीक वेळ द्यावा आणि तो संपला की फोन बाजूला ठेवावा. पुढच्या कादंबरीचे दोन परिच्छेद हेच पहिल्या कादंबरीच्या वाचकाला हवे असतात.

संपादकाचे पैसे नसतील तर काय, हा प्रश्न मला भेटणारे लेखक हटकून विचारतात. त्यांना मी मुंबईतल्या ‘क्लिअरिंग हाऊस’ची आठवण करून देतो. १९७६मध्ये आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव्ह पटेल आणि अरुण कोलटकर या कवींनी स्वतःची सहकारी प्रकाशन-चळवळ उभी केली. कोलटकर जाहिरात क्षेत्रात काम करणारे, मांडणीची जाण असलेले कलावंत. त्यांची ‘जेजुरी’ त्यातूनच आली आणि पुढच्या वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कादंबरी कवितासंग्रहापेक्षा जाडजूड असते, वाचायला वेळ लागतो, हे खरे. तरीही एकाच जिल्ह्यातल्या तीन-चार कादंबरीकारांनी एकमेकांची हस्तलिखिते वर्षातून एकदा सावकाश वाचायची, समासात शंका लिहायच्या, आणि त्या शंका सुटेपर्यंत कुणीही छापखान्यात जायचे नाही, एवढे ठरवायला पैसे लागत नाहीत. सोलापूर, नांदेड, रत्नागिरी, पणजी, बडोदे, जिथे जिथे मराठीत लिहिणारे आहेत तिथे हे या हिवाळ्यातच सुरू करता येईल.